पंधरा दिवसांची चिठ्ठी

माझे वडील १९७८ च्या पावसाळ्यात भुसावळला वारले. रेल्वेत फिटर होते. कावीळ झाल्याचे निमित्त झाले आणि अकराव्या दिवशी सारे संपले. आई तेव्हा अडतीस वर्षांची होती, मी अकरा वर्षांचा आणि बहीण सहा वर्षांची. रेल्वेच्या वसाहतीत आम्हां कॅथलिकांची घरे थोडी. काही गोव्याचे, काही तामिळी, दोन-चार अँग्लो-इंडियन आणि आमच्यासारखी नगर-नाशिककडून पोटामागे आलेली मराठी कुटुंबे. अंत्यविधीला सगळी आली, नऊ दिवस घरी जपमाळ झाली, आणि मग ज्याच्या त्याच्या पाळ्या सुरू झाल्या.

आईला झोप येईना. ती रडतही नसे. रात्रभर चुलीपाशी बसून राही आणि मालगाडी गेली की दारापर्यंत जाऊन परत येई. शेवटी शेजारच्या काकूंनी तिला एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर सज्जन होते, त्यांनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत. एका छोट्या चिठ्ठीवर त्यांनी गोळीचे नाव लिहिले आणि खाली लिहिले : रात्री एक, पंधरा दिवस.

ती चिठ्ठी आमच्या घरात एकतीस वर्षे चालली.

गोळी आणायचे काम माझे होते. पुढे आम्ही जळगावला मामाच्या आश्रयाला आलो. आई शिवणकाम करू लागली, आणि चिठ्ठीही आमच्याबरोबर आली. गल्लीच्या तोंडाशी औषधांचे दुकान होते. मी चिठ्ठी पुढे केली की दुकानदार काका तिच्याकडे पाहतसुद्धा नसत. "आई बरी आहे ना रे भाऊ?" असे विचारून गोळ्यांची पट्टी कागदात गुंडाळून देत आणि वर एक लिमलेटची गोळी माझ्या हातावर ठेवत. चिठ्ठीच्या घड्या फाटल्या तेव्हा मामाने ती पुठ्ठ्यावर चिकटवून दिली. काही वर्षांनी तिचीही गरज उरली नाही. पोराचा चेहरा हीच चिठ्ठी झाली. पहिली गोळी डायझेपामची होती. १९९२ च्या सुमारास दुसऱ्या एका डॉक्टरांनी ती बदलून अल्प्राझोलाम दिले, अर्धा मिलिग्रॅमचे. "ही नवीन आहे, हलकी आहे," असे ते म्हणाले. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे खसखशीच्या एक-दोन दाण्यांएवढे वजन. त्यामुळे आम्हालाही ती हलकीच वाटली.

या गोळ्यांच्या कुळाची हकिगत पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आली. लिओ स्टर्नबाख नावाचे एक ज्यू रसायनशास्त्रज्ञ नाझींच्या भयाने युरोप सोडून १९४१ साली अमेरिकेत गेले. तेथे त्यांच्या प्रयोगशाळेतून या जातीचे पहिले औषध निघाले आणि १९६० साली बाजारात आले. १९६३ साली आलेल्या डायझेपामने तर जग जिंकले. जुन्या झोपेच्या औषधांनी माणसे दगावत. ही नवी गोळी एकटी घेतली तर सहसा जीव घेत नसे, म्हणून डॉक्टरांनी ती निर्धास्तपणे लिहून दिली, आणि सर्वाधिक दिली ती स्त्रियांना. दुःखी, चिडचिड्या, झोप न येणाऱ्या, नवऱ्याने मारलेल्या किंवा नवरा गेलेल्या. ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने १९८८ सालीच स्पष्ट सांगितले की ही औषधे दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत. त्या वर्षी आई दहा वर्षे ती घेत होती. अमेरिकेत या साऱ्या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर व्यसनाचा ठळक इशारा चौकटीत छापण्याचा आदेश निघायला २०२० साल उजाडले.

१९९० पासून मी धुळ्याच्या एका शाळेत शिक्षक झालो आणि आई माझ्याकडे राहायला आली. आता जे सांगायचे आहे ते त्या शाळेतले आहे, आणि ते सांगायला मी पुष्कळ वर्षे टाळाटाळ केली आहे.

आमच्या शाळेचा रात्रीचा रखवालदार शिरपूर तालुक्यातला होता. सातपुड्याच्या पायथ्याचे त्याचे गाव. सगळे त्याला बाबाच म्हणत. उंच, वाकलेला, गुडघ्यांनी अधू. संध्याकाळी मुले घरी गेली की तो पांझरेच्या काठावर महादेवाच्या देवळामागे जाऊन बसे आणि चिलीम ओढून कामावर येई. हे पुष्कळांना ठाऊक होते. त्याने कधी दंगा केला नाही, कधी कामाला दांडी मारली नाही. १९९६ साली एका पालकाने त्याला चिलीम भरताना पाहिले आणि तक्रार केली. त्याच्या खोलीत कागदाच्या पुडीत मूठभर गांजा सापडला. चौकशीला तिघांची समिती नेमली गेली. मी त्यात सर्वांत धाकटा, आणि मराठीचा शिक्षक म्हणून पत्राचा मसुदा माझ्याकडे आला.

शाळेच्या आवारात गांजा ठेवणाऱ्या माणसाला कामावर ठेवावे, असे मी आजही म्हणणार नाही. ज्या शाळेत पोरे आहेत तेथे ते चालणार नाही. पण मी पत्र लिहिले ते नुसते कामावरून कमी करण्याचे नव्हते. त्यात 'व्यसनाधीन', 'अनैतिक', 'विद्यार्थ्यांच्या चारित्र्यास घातक' असे शब्द मी शोधून शोधून घातले. पोलिसांत न देण्याचे उपकारही नोंदवले. बाबा समोर उभा होता. तो एवढेच म्हणाला, "सर, मन्हं काय चुकनं?" मी उत्तर दिले नाही. सही करायला पेन काढले तेव्हा त्याच्याबरोबर खिशातून गोळ्यांची पट्टी बाहेर आली. शाळेत येताना वाटेत आईसाठी घेतली होती, नेहमीप्रमाणे चिठ्ठीवाचून. मी ती परत खिशात सारली आणि सही केली. त्या क्षणी माझ्या मनात काहीही आले नाही, आणि तेच मला आता बोचते.

कायद्याचे पुस्तक मी उघडले ते त्यानंतर तेरा वर्षांनी. आपल्या देशातला अंमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली. झाडाची नुसती पाने मात्र वगळली, म्हणून भांग त्या व्याख्येत बसत नाही. गांजाचे झाड लावले तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हे सर्वांना साधारण माहीत असते. जे माहीत नसते ते असे की त्याच कायद्याच्या परिशिष्टात, मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत, डायझेपाम आणि अल्प्राझोलाम यांचीही नावे आहेत. गांजा किती सापडला तर 'अल्प', याची सरकारने ठरवलेली मर्यादा एक किलो आहे. अल्प्राझोलामची पाच ग्रॅम आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना या गोळीचे बळ ठाऊक होते. फरक एवढाच की ती औषध म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकता येते. चिठ्ठीचा नियमही कडक आहे. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे. १ मार्च २०१४ पासून तर या गोळ्या एच-वन या अनुसूचीत गेल्या. विकणाऱ्याने वेगळ्या वहीत डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव आणि किती गोळ्या दिल्या ते लिहायचे, आणि ती वही तीन वर्षे जपायची. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो. आपल्या घरी अशी पट्टी असेल तर वाचकांनी ती उलटून पाहावी.

आता इतिहासातली एक गोष्ट. सातपुड्यापलीकडे, भुसावळहून रेल्वेने सव्वाशे किलोमीटरवर, खांडवा आहे. वडिलांच्या तोंडी ते नाव रोज असे. इंग्रजांच्या काळी त्या निमाड भागात सरकारी परवान्याने आणि देखरेखीखाली गांजा पिकत होता. गांजाने माणसे वेडी होतात अशी ओरड विलायतेत झाली तेव्हा सरकारने १८९३ साली एक आयोग नेमला. त्याने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि पुढच्या वर्षी सात खंडांचा अहवाल दिला. आयोगात तीन हिंदी सभासद होते. त्यांपैकी एक, कपूरथळ्याचे कुंवर हरनामसिंग, ख्रिस्ती होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर त्यांच्या कन्या. आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांतली कागदपत्रे एकेक करून तपासली, तेव्हा असे दिसले की वेडाचे कारण ठाऊक नसले की कारकून सरळ 'गांजा' असे लिहून टाकीत. माफक सेवनाने बहुतेकांना फारशी हानी होत नाही, अतिरेकाने होते, आणि सरसकट बंदीपेक्षा नियंत्रण बरे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

गांजा निर्दोष आहे असे मला म्हणायचे आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. कोवळ्या वयात त्याची सवय लागली तर काही मुलांच्या मनाचा तोल कायमचा जातो, आणि आजचा गांजा पूर्वीच्यापेक्षा तीव्र झाला आहे. माझ्या एका विद्यार्थ्याचे तसे झालेले मी पाहिले आहे. मी फक्त त्या कारकुनाविषयी बोलतो आहे. १९९६ साली समितीच्या टेबलाशी तोच बसला होता.

जून २००९ मध्ये एका रात्री आई न्हाणीघरात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. म्हातारपणी या गोळीने पाय लटपटतात आणि पडण्याचे प्रमाण वाढते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. तिला इस्पितळात दाखल केले. कोणती औषधे चालू आहेत, असे विचारल्यावर मी सांगितले, रक्तदाबाची. झोपेची गोळी मला औषध वाटतच नव्हती, जसे जेवणानंतरचे पाणी. शस्त्रक्रिया चांगली झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला घाम फुटला, ती असंबद्ध बोलू लागली, भिंतीवर मालगाडी दिसते म्हणाली, आणि मग तिला जोराची फिट आली. मेंदूत रक्तस्राव झाला असेल म्हणून धावपळ झाली. एका तरुण डॉक्टर मुलीने मला बाजूला घेतले.

"सर, आजी झोपेसाठी काही घेत होत्या का?"

"हो, पण ती साधी गोळी आहे," मी म्हणालो.

"किती वर्षांपासून?"

मी मनात हिशेब केला आणि मला तो आकडा मोठ्याने सांगता येईना.

ही गोळी एकदम बंद केली तर काय होते, हे त्या मुलीने मला समजावले. मेंदू वर्षानुवर्षे गोळीच्या आधाराने शांत राहायला शिकलेला असतो. आधार अचानक काढला की तो भडकतो. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. गांजा सोडणाऱ्याची झोप उडते, चिडचिड होते, भूक जाते, पण सहसा त्याच्या जिवावर बेतत नाही. म्हणून हे वाचून कोणी आपल्या घरातल्या वृद्धांच्या गोळ्या उद्यापासून लपवू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि कणाकणाने.

आईला अकरा महिने लागले. मनोविकारतज्ज्ञांनी आधी गोळी बदलून जास्त वेळ टिकणारी दिली आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी केली. मी ब्लेडने गोळीचे तुकडे करीत असे. त्या महिन्यांत आईला अंगावर मुंग्या चालल्यासारखे होई, तोंडात तांब्याची चव येई, चर्चची घंटा कानात घण घातल्यासारखी वाजे. मनोविकाराच्या दवाखान्यात बाकावर आमच्या शेजारी दारू सोडायला आलेली माणसे बसत. त्यांना पाहून एकदा ती माझ्यावर उसळली, "मला तू गर्दुल्ली समजतोस का? मी कधी कुणाचा पैसा चोरला का? मला डॉक्टरांनी दिली होती!" तिचे खरेच होते. दुसऱ्या एका रात्री तिने गोळीच्या चतकोर तुकड्यासाठी माझे पाय धरले, तेही मी पाहिले.

२०१० च्या उपवासकाळात, एका शुक्रवारी, क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपून आम्ही रिक्षाने परत येत होतो. कालवरीवर प्रभूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, वेदना कमी व्हाव्यात म्हणून, आणि त्याने तो घेतला नाही, हे फादरांनी त्या दिवशी सांगितले होते. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याने घेतला नाही. पण देणाऱ्याला तो काही बोललासुद्धा नाही, बघ." कोणाविषयी बोलते आहेस, असे मी विचारले नाही.

त्याच पावसाळ्यात वडिलांच्या पुण्यस्मरणाच्या मिस्साच्या वेळी ती हमसून हमसून रडली. बत्तीस वर्षांपूर्वीच्या मरणासाठी. बहीण घाबरली, मी घाबरलो नाही.

आई गेली २०१८ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. शेवटची आठ वर्षे तिला झोप चार-पाच तासच लागत असे, पण तिची ती स्वतःची होती.

गोळी मात्र आमच्या भागातून गेली नाही. मालेगावात आणि तेथून पन्नासेक किलोमीटरवरच्या धुळ्यात तरुण पोरांच्या तोंडी 'कुत्ता गोळी' हे नाव आहे. ते का पडले याच्या अनेक कथा सांगतात. पोलिसांनी छापा घालून पट्ट्या पकडल्याच्या बातम्या स्थानिक पानांवर अधूनमधून येतात. अशी पहिली बातमी वाचली तेव्हा मी गोळीचे खरे नाव शोधले. अल्प्राझोलाम. बरेचदा अर्धा मिलिग्रॅमच. शेजारच्या सदरात शिरपूर तालुक्यात कपाशीच्या आड लावलेली गांजाची शेती उपटल्याची बातमी होती. तीही दरवर्षीची. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत देशात गांजा, चरस, भांग घेणारे सुमारे तीन कोटी निघाले, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना गुंगीच्या गोळ्या घेणारे सुमारे एक कोटी अठरा लाख. आई यांपैकी कोणत्या रकान्यात बसली असती, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आईच्या गोळ्या सुटल्यानंतर, २०१० च्या दिवाळीत, मी बाबाच्या गावी गेलो. क्षमा मागावी असे मनात होते, पण शब्द जुळत नव्हते. बाबा बाजेवर पडून होता. मला त्याने ओळखले, उठून बसला, सुनेला चहा टाकायला सांगितला. शाळेचा विषय त्याने काढला नाही. चिलीम कधीच सोडली म्हणाला. गुडघ्यांनी झोप येत नसे, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळी दिली, तीच चालू आहे.

"आते डॉक्टरनं औषध लेस मी, सर," तो अभिमानाने म्हणाला. माझ्यासमोर ते सांगताना त्याला बरे वाटत होते.

उशाखालची प्लास्टिकची पिशवी उघडून त्याने मला चिठ्ठी दाखवली. चार घड्यांची, कडा काळ्या पडलेली. गोळीचे नाव मी वाचायच्या आधीच ओळखले. तारीख सात वर्षांपूर्वीची होती. खाली दिवस लिहिले होते ते पंधराच. पिशवीत रेशनकार्ड होते, नातवाचा फोटो होता, आणि त्यांच्यामागे आमच्या शाळेच्या छापील मथळ्याचा घडी केलेला कागद होता. त्याने तो बाहेर काढला नाही. मीही मागितला नाही.

पुढच्या सोमवारी त्याला आणि त्याच्या मुलाला घेऊन मी धुळ्याला आईच्या डॉक्टरांकडे गेलो. किती दिवस लागतील, असे मुलाने बसमध्ये विचारले. मी आईचे अकरा महिने सांगितले. मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला. बाबाने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.